कंपवात: "बसा, उठू नका" असं म्हणू नका

(देऊळघाट परिसरातल्या महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे हात थरथरू लागले, चाल मंदावली, की आपल्या तोंडून एक वाक्य आपोआप निघतं. "मामाजी, बसा, उठू नका. मी आणते." मग पाण्याचा पेला आपण हातात देतो, चप्पल पायाशी ठेवतो, शर्टाच्या गुंड्याही लावून देतो. यात माया असते. आणि खरं सांगायचं तर थोडी घाईही असते. त्यांना ज्या कामाला दहा मिनिटं लागतात, ते आपण एका मिनिटात उरकतो. पण तो आजार कंपवात असेल, तर हे मायेचं वाक्य रोज थोडं थोडं नुकसान करतं. या आजारात गोळीच्या जोडीला शरीराची हालचाल लागते, आणि ती रोज लागते. ती का लागते, कशी करायची आणि कुठे जपायचं, हे आज आपण बघणार आहोत.

कंपवाताला डॉक्टर लोक पार्किन्सन म्हणतात. लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांची लक्षणं बारकाईनं लिहून ठेवली, म्हणून आजाराला त्यांचं नाव पडलं. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिलचा. तो दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांमध्ये कंपवाताचं वर्णन त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे हा आजार जुनाच आहे. आपल्याकडे तो "वय झालं" या दोन शब्दांत झाकला जातो, एवढंच.

ओळखायचा कसा?

नावात कंप असला तरी प्रत्येकाला थरथर होतेच असं नाही. मुख्य खूण आहे ती मंदपणाची. प्रत्येक हालचाल हळू होते आणि लहान होते. चालताना एक हात हलायचा थांबतो. पावलं लहान पडतात, पाय घासत चालतात. सही बारीक बारीक होत जाते. बोलणं हळू होतं, समोरच्याला "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. अंग ताठ होतं. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. बऱ्याच जणांना आधी काही वर्षं फोडणीचा वास येईनासा होतो, पोट साफ होत नाही, किंवा झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं सुरू होतं.

हा आजार बायांनाही होतो, आणि बाईच्या बाबतीत तो उशिरा लक्षात येतो. जी बाई तासाभरात सगळ्या घराच्या भाकरी उरकायची, तिला दोन तास लागू लागतात. घरातले म्हणतात, आळशी झाली. तिचा चेहरा हसत नाही. लोक म्हणतात, तोंड फुगवून बसते. ती हळू बोलते, तर म्हणतात, उत्तर देत नाही. मैत्रिणींनो, कुणाबद्दल असं बोललं जात असेल, तर आधी तिचा हात पाहा, तिची चाल पाहा, आणि तिला डॉक्टरांकडे न्या. या आजाराची खात्री डॉक्टर तपासूनच करतात. थरथर दुसऱ्या कारणांनीही होते, काही औषधांमुळेही होते. म्हणून स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका.

वाट विसरलेला बैल

आता मेंदूत नेमकं काय बिघडतं ते सांगते. संध्याकाळी वावरातून बैलगाडी घरी येते तेव्हा काय होतं, आठवा. गाडीवान गप्पा मारतो, कधी डुलकीही घेतो. कासरा सैल असतो. बैलाला वाट पाठ असते, तो बरोबर घरी येतो.

आपल्या मेंदूतही असा एक भाग आहे. चालणं, वळणं, गुंडी लावणं, भाकरी थापणं ही पाठ झालेली कामं तो आपल्या नकळत करून घेतो. चालताना आपण "आता उजवा पाय, आता डावा" असं म्हणत नाही. हे काम नीट चालावं म्हणून मेंदूच्या आत खोलवरच्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणं दिसू लागतात तेव्हा त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. म्हणजे बैल वाट विसरायला लागला.

पण गाडीवान अजून जागा आहे! लक्ष देऊन, ठरवून हालचाल करणारा मेंदूचा भाग वेगळा आहे, आणि तो बराच शाबूत असतो. म्हणून कंपवाताचा माणूस आपल्या नादात चालतो तेव्हा पाय घासतो. त्यालाच "मोठं पाऊल टाका" म्हटलं की तो मोठं पाऊल टाकून दाखवतो. घरच्यांना वाटतं, येतंय की, मग एरवी का करत नाहीत? त्याचं उत्तर हेच. बैल चुकतो, पण गाडीवानानं कासरा हातात घेतला तर गाडी चालते.

गोळी मेंदूला डोपामिन पुरवते. व्यायाम गाडीवानाला तयार करतो. शिवाय बसून बसून जे स्नायू वाळतात, सांधे आखडतात, दम कमी होतो, ते नुकसानही तो टाळतो. त्यातलं बरंचसं नुकसान आजाराचं नसतं, बसण्याचं असतं. म्हणून दोन्ही लागतात. व्यायाम सुरू केला म्हणून गोळी सोडायची नाही, आणि गोळी आहे म्हणून व्यायाम टाळायचा नाही.

तपासून पाहिलेली गोष्ट

हे नुसतं सांगोवांगी नाही. अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुकताच आजार कळलेले आणि अजून गोळ्या सुरू न झालेले १२८ जण होते. काहींना आठवड्यातून चार दिवस चालण्याच्या यंत्रावर दम लागेल असं जोरात चालवलं, काहींना मध्यम गतीनं, आणि काहींना नेहमीसारखंच राहू दिलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीसारखं राहिलेल्यांची लक्षणं वाढली होती. जोरात चालणाऱ्यांची जवळजवळ होती तिथेच थांबली होती.

नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांवर असाच अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना घरातच एका जागी उभी असलेली सायकल चालवायला दिली, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा ते पाऊण तास. बाकीच्यांना नुसते अंग ताणण्याचे व्यायाम दिले. सहा महिन्यांनी, औषधाचा असर उतरलेला असताना तपासलं. सायकलवाल्यांची लक्षणं फारशी वाढली नव्हती, दुसऱ्या गटाची त्याहून बरीच जास्त वाढली होती.

ताई-ची नावाचा चीनचा संथ व्यायाम आहे, उभ्या उभ्या अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा. तो १९५ रुग्णांच्या अभ्यासात पाहिला गेला, त्याचा निकाल २०१२ साली आला. सहा महिने, आठवड्यातून दोनदा तो करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

मग यातला सर्वांत चांगला व्यायाम कोणता? २०२३ साली तज्ज्ञांनी असे दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्यात जवळजवळ आठ हजार रुग्ण होते. चालणं, नाच, पाण्यातले व्यायाम, ताकदीचे व्यायाम, तोलाचे व्यायाम, यांतल्या बहुतेकांचा उपयोग होतो, आणि एकानं दुसऱ्यावर ठळक मात केली असं काही दिसत नाही, असं त्यातून निघालं. आपल्यासाठी ही चांगली बातमी आहे. महागडं यंत्र लागत नाही. जो व्यायाम आपल्या गावात, आपल्या अंगणात, आपल्या माणसाला आवडेल आणि रोज होईल, तोच त्याच्यासाठी चांगला.

पण खोटी आशाही नको. व्यायामानं आजार बरा होत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. चाल, तोल, ताठरपणा आणि मंदपणा यांवर फरक पडतो. झोप, पोट आणि मन यांनाही मदत होते. हाताच्या थरथरीवर मात्र त्याचा तेवढा भरवसा धरू नका. थरथर तशीच आहे म्हणून "काही उपयोग नाही" असं म्हणत कित्येक जण व्यायाम सोडून देतात. तुम्ही थरथर मोजू नका. खुर्चीवरून उठायला किती वेळ लागतो, महिन्यात किती वेळा तोल गेला, हे मोजा.

घरकाम करते, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न बाया नेहमी विचारतात. दिवसभर राबतेच की. पण कंपवातात घरकाम आणि व्यायाम यांत मोठा फरक आहे. आजारानं हालचाल लहान होते, आणि घरकामातही ती लहानच राहते. भांडी घासताना मनगट तेवढं हलतं. भाजी निवडताना बोटं हलतात. पाठ वाकलेली, मान खाली, पाय दुमडलेले. हे सगळं त्या दिशेनंच आहे जिकडे आजार ओढतो आहे. व्यायाम त्याच्या उलट दिशेला ओढतो. मान वर, छाती उघडी, हात लांब, पाऊल मोठं. म्हणून कंपवात असलेल्या बाईला घरकामातून रोज अर्धा तास मोकळा मिळायलाच हवा, आणि तो तिला मागावा लागू नये.

तरीही, तिच्याकडून कामं काढून घेऊ नका. झेपतील ती करू द्या, वेळ लागू द्या. चूल, विहीर, गच्चीचा जिना आणि डोक्यावरची घागर एवढ्या चार ठिकाणी मात्र तिला एकटी पाठवू नका.

अंगणात करायचे पाच व्यायाम

हे व्यायाम सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी उभं राहा.

पहिला, चालणं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर. नजर समोर, टाच आधी टेकवायची, हात मुद्दाम मोठे हलवायचे. वेग एवढा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटं, म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटं हे ध्येय ठेवा. एकदम होत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा.

दुसरा, उठबस. भिंतीला टेकलेली, न हलणारी खुर्ची घ्या. सरकत खुर्चीच्या कडेशी या. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या. पुढे एवढं वाका की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि मग जोर लावून उभं राहा. हळू बसा. असं दहा वेळा. संडासातून, बाजेवरून, बसच्या सीटवरून स्वतःचं स्वतः उठता येणं ही माणसाची अब्रू आहे, आणि ती या एका व्यायामावर बरीच टिकते.

तिसरा, मोठे हात. उभं राहून किंवा बसून, उंच दोरीवर लुगडं वाळत घालतो तसे दोन्ही हात वर न्यायचे, बोटं पूर्ण उघडायची. मग धान्याचं पोतं कवेत घेतो तसे दोन्ही बाजूंना पसरायचे. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचं, "अजून मोठं." रुग्णाला जे फार मोठं वाटतं, ते बहुधा आपल्यासारखंच असतं.

चौथा, तोल. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, खाली टेकवायच्या. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार न्यायचा. जमू लागलं की एक पाय थोडा उचलून दहापर्यंत मोजायचं. हात मात्र सोडायचा नाही.

पाचवा, आवाज. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ली सिल्व्हरमन नावाच्या एक बाई होत्या. त्यांना कंपवात होता. त्यांच्या घरच्यांची इच्छा एवढीच होती की त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि कळावं. त्यातून १९८७ साली मोठ्यानं बोलण्याची एक उपचारपद्धती सुरू झाली. आज ती त्यांच्याच नावानं जगभर चालते. तिचं मर्म सोपं आहे, मोठ्यानं बोलायचा रोजचा सराव. कुणी हरिपाठ म्हणावा, कुणी बुद्धवंदना म्हणावी, कुणी कुराणातली सूरह पढावी, कुणाला जात्यावरच्या ओव्या पाठ असतील. ओसरीत बसून म्हणा, पण अंगणातल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा.

पाय जमिनीला खिळतात तेव्हा

कंपवातात एक विचित्र गोष्ट घडते. चालता चालता पाय अचानक जमिनीला चिकटतात. दाराच्या चौकटीत, वळताना किंवा गर्दीत. मन म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. घरचे मागून ढकलतात किंवा हात धरून ओढतात, आणि माणूस पडतो. अशा वेळी ओढू नका. थांबा. दोन्ही पायांवर नीट उभं राहू द्या. अंग डावी-उजवीकडे हलकं झुलवायला सांगा, "एक, दोन, तीन" मोजा, आणि मग एक मोठं पाऊल टाकायला सांगा. तुमचं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवा आणि ते ओलांडायला सांगा. पुष्कळदा पाय लगेच सुटतो.

असं का होतं? डोळ्यांना खूण दिसली की गाडीवान जागा होतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझाईन शिकलेल्या मुलीनं हे आपल्या काकांकडे पाहिलं. काकांना कंपवात होता. सपाट जमिनीवर ते अडखळत, वॉकर घेऊनही थांबत. पण जिना आला की पायरीमागून पायरी सहज उतरत. मग तिनं सपाट जमिनीवरच पायऱ्यांचं चित्र चिकटवलं, नुसतं चित्र. काका त्यावरून न अडखळता चालत गेले. नेदरलँड्सचे डॉक्टर बास ब्लूम यांनीही २०१० साली असाच एक रुग्ण जगापुढे मांडला. त्या माणसाला चार पावलं धड चालता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की तो आरामात चालवत जायचा.

म्हणून घरात एक साधी गोष्ट करा. जिथे पाय खिळतात त्या जागी, म्हणजे दारापाशी, मोरीच्या वाटेवर, एकेका हाताच्या अंतरावर जमिनीवर आडव्या रेघा ओढा. सारवलेल्या जमिनीवर गेरूनं किंवा चुन्यानं, फरशीवर रंगीत पट्टी चिकटवून. रांगोळीची भुकटी मात्र नको, पाय घसरतो. प्रत्येक रेघ ओलांडून चालायचं. आणि वळताना एका पायावर गर्रकन फिरायचं नाही. बैलगाडी वळवतात तसं मोठं वळण घ्यायचं.

आणखी एक लक्षात ठेवा. ते चालत असताना त्यांच्याशी बोलू नका, हातात काही देऊ नका. गाडीवानाचं लक्ष दुसरीकडे गेलं की गाडी थांबते. बोलायचं असेल तर आधी थांबा, मग बोला.

तालावर पाऊल

डोळ्याला रेघ, तसा कानाला ताल. ठेका ऐकू आला की पाऊल लांब पडतं, चाल एकसारखी होते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचं रुग्णांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं मंडळ आहे. पुण्यातच हृषीकेश पवार हे नर्तक, जे कथक शिकले आणि पुढे जर्मनीत जाऊन आजचा आधुनिक नाच शिकले, त्यांनी २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. न्यूयॉर्कमध्ये असे वर्ग २००१ पासून चालतात. साठी-सत्तरीतली माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी नाच केला नाही, ती तालावर हात उंचावू लागली, पाऊल टाकू लागली. अशा वर्गाचा एक फायदा औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिथे सगळ्यांचेच हात थरथरत असतात, त्यामुळे कुणी कुणाला लाजत नाही. लाज गेली की माणूस घराबाहेर पडतो.

आपल्याला नाचाचा वर्ग कुठून आणायचा, असं वाटेल. अहो, आपला जिल्हा शेगावचा. पालखीबरोबर टाळ वाजवत पंढरपूरपर्यंत चालत जाणारी माणसं आपल्याच घरातली. दिंडीतली पावली काय आहे? टाळाच्या ठेक्यावर पाऊल उचलायचं, भार बदलायचा, हात वर न्यायचा. तोल आणि ताल दोन्ही त्यात आहेत. कंपवाताच्या माणसासाठी ती थोडी सोपी करायची. मागं पाऊल टाकणं, गिरकी, उडी हे वगळायचं. एक बाजू भिंतीकडे, दुसरीकडे आपण. भुलाबाईच्या गाण्यांवर बसून टाळ्या वाजवल्या तरी हात मोकळे होतात. घरात टाळ नसेल तर ताटलीवर चमचा वाजवा.

कुठे जपायचं

गोळीची वेळ सांभाळा. गोळी घेतल्यावर काही वेळानं, बहुतेकांना तासाभरात, अंग मोकळं होतं. व्यायामाची वेळ तीच ठेवा. असर उतरलेला असताना जोराचा व्यायाम नको. लेवोडोपाची गोळी जेवणाबरोबर, विशेषतः डाळ, दूध, अंडी, मटण यांच्याबरोबर घेतली तर काहींना तिचा असर कमी जाणवतो. म्हणून ती जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. डाळ-दूध बंद करू नका, आणि कितीही बरं वाटलं तरी गोळी एकाएकी थांबवू नका. ते धोक्याचं असतं.

या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनीही उठून उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बाजेवरून उठताना आधी एक-दोन मिनिटं कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालणं पहाटे किंवा दिवस मावळताना करा, आणि पाणी पाजत राहा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवा. अंगठ्याची सैल चप्पल नको. वाटेतली गोधडी, दोरी, बादली उचलून ठेवा. मोरीत धरायला एक मजबूत दांडा बसवून घ्या. रात्री छोटा दिवा चालू ठेवा.

वारंवार पडणं होत असेल, घास घशात अडकत असेल, भास होत असतील, तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. देऊळघाटहून बुलढाणा जवळ आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात जाल तेव्हा औषधाबरोबर व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठीही विचारा. लांबच्या तज्ज्ञांकडे जाणं जमत नसेल, तर गावातल्या आशाताईला ई-संजीवनीबद्दल विचारा. त्यातून डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं.

गटानं काय करायचं

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. सून सासऱ्याला रोज चालायला नेऊ लागली, त्यांच्या गुंड्या त्यांनाच लावू देऊ लागली, की गल्लीत बोलणं सुरू होतं. "म्हाताऱ्याला राबवते बघा." या बोलण्याला घाबरून कित्येक जणी पुन्हा "बसा, उठू नका" वर येतात. एकटीनं याला तोंड देणं कठीण आहे. दहा जणींनी दिलं तर सोपं आहे. म्हणून ही माहिती गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. गावात कंपवाताचं माणूस असेल, तर त्या घरच्या बाईला बोलवा. आठवड्यातून एक दिवस गटातली एक जण त्या माणसाला चालायला नेईल, असं ठरवा. पुरुष रुग्ण असेल तर त्यांच्याच वयाचा एखादा वारकरी, एखादा मित्र शोधा. बैठकीआधी वीस मिनिटं सगळ्यांनीच उठबस आणि मोठे हात करा. रुग्ण बाई त्यात वेगळी पडणार नाही, आणि आपलेही गुडघे चांगले राहतील.

सांभाळणाऱ्या बाईला तेवढा एक तास मिळाला, तर तिला झोपू द्या. ती आजारी पडली तर त्या घरात दोन रुग्ण होतात.

आणि उद्या सकाळी मामाजी पाण्यासाठी उठू लागले, की नुसतं शेजारी उभं राहा. म्हणा, "या, मोठं पाऊल टाका, मी आहे." पाणी त्यांनाच घेऊ द्या. थोडं सांडलं तर सांडू द्या, पुसायला फडकं आहे.